गायरानाची उपासमार

जत तालुक्यात चाऱ्याचा विषय निघाला की बोट आभाळाकडे जाते. पाऊस इथे तोकडाच. १९७२ चा दुष्काळ म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहे, २०१२-१३ च्या चारा छावण्या तर साऱ्यांनीच पाहिल्या. पण पाऊस बरा झाला त्या वर्षीही माळावर कुसळीच का माजते, याचा जाब पावसाला कसा विचारणार?

गायरानावर एक फेरी मारून पाहा. जिथे मेंढरं बसली होती, जिथे बाभळीखाली गुरं दुपारी रवंथ करतात, तेवढ्याच जागेत गवत हिरवंकंच. चार पावलांवर पिवळट आणि विरळ. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडला, फरक शेणामुताचा.

वाळलेल्या एक टन गवताबरोबर सुमारे ८ किलो नत्र आणि किलोभर स्फुरद माळ सोडून जाते. जनावर त्यातले बरेचसे परत टाकते, पण टाकते गोठ्यात आणि वाड्यात. तिथून शेण गोवरीला जाते, नाहीतर उकिरड्यावरून शेताला. माडग्याळी मेंढीची लेंडी द्राक्ष-डाळिंबाच्या बागेला जाते. मेंढपाळाला त्यात चार पैसे मिळतात, त्याला कोण नाही म्हणेल? पण ज्या माळाने ते खत घडवले, त्याला परत काहीच मिळत नाही.

आपली मुरमाड, चुनखडीची जमीन. नत्र मुळातच कमी, आणि स्फुरद चुन्याशी बांधले जाऊन मुळांना लागत नाही. त्यात चराईचा मारा. मारवेल, पवन्या अशी चवीची गवतं मागे हटतात, थोडक्यात भागवणारी कुसळी जागा धरते. वाळल्या चाऱ्यात प्रथिने शंभरात सात भागांच्या खाली गेली, की पोटातल्या जंतूंना नत्र पुरत नाही आणि चारा नीट पचत नाही. जनावर दिवसभर चरते, तरी बरगड्या मोजून घ्याव्यात!

यावर नुसता युरिया फेकू नये. चुनखडीच्या जमिनीत वरवर टाकलेल्या युरियातले नत्र वायू होऊन उडते. त्यापेक्षा गवतात स्टायलो पेरावा. तो हवेतले नत्र धरतो. मात्र त्याला स्फुरद लागते. सिंगल सुपर फॉस्फेटच्या शंभर किलोत १६ किलो स्फुरद असते, वर ११ किलो गंधक.

मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळू लागली, पण ती खातेदाराच्या नावाने. गायरानाच्या मातीची आठवण कोणाला? येत्या १ मेच्या ग्रामसभेत भाऊसाहेबांनी (हुद्दा आता ग्रामपंचायत अधिकारी झाला तरी गावाला ते भाऊसाहेबच) हा विषय घ्यावा. झाडाखालची, शेण पडलेली जागा सोडून वितीभर खोलीचे नमुने पावसाआधी तपासायला पाठवावेत. शेतकरी रानात मेंढरं बसवायला धान्य-पैसे देतो. तसेच ग्रामपंचायतीने देऊन दरसाल गायरानाच्या एका तुकड्यावर मेंढरं बसवावीत, आणि तो तुकडा दिवाळीपर्यंत चराईला बंद ठेवावा.