‘आमचे’ आणि ‘आपले’

स्पॅनिश शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्याला स्वामित्वदर्शक शब्दांचा धडा प्रथम ओळखीचा वाटतो. मराठीत ‘माझा भाऊ’, ‘माझी बहीण’, ‘माझे घर’ अशी रूपे होतात. बोलणारा पुरुष असो वा स्त्री, रूप ठरते ते पुढील नामावरून. स्पॅनिशमध्येही तसेच आहे. ‘मि लिब्रो’ म्हणजे माझे पुस्तक. पुस्तके अनेक असतील तर ‘मिस लिब्रोस’. ‘नुएस्त्रो’ या शब्दाला तर लिंगही पाळावे लागते: पुस्तक पुल्लिंगी म्हणून ‘नुएस्त्रो लिब्रो’, घर स्त्रीलिंगी म्हणून ‘नुएस्त्रा कासा’.

अडचण येते ती ‘सु’ या शब्दापाशी. ‘सु कासा’ म्हणजे त्याचे घर, तिचे घर, त्यांचे घर किंवा आदरार्थी तुमचे घर. अर्थ संदर्भानेच कळतो. आदराचा अर्थ येथे कसा आला, हेही पाहण्यासारखे आहे. स्पॅनिशमधील आदरार्थी ‘उस्तेद’ हा शब्द ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या जुन्या संबोधनापासून झाला. त्यामुळे समोरच्याविषयी तृतीय पुरुषात बोलले जाऊ लागले. मराठीतही समोर उभ्या असलेल्या व्यक्तीला ‘रावसाहेबांनी बसावे’ असे म्हटले जात असेच.

मराठीचा ‘आपला’ हा शब्दही असाच बहुअर्थी आहे. लग्नपत्रिका उघडून पाहावी. ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’ येथे आपली म्हणजे निमंत्रिताची. ‘आपले नम्र’ ही मात्र यजमानाची सही. आणि ‘आपले गाव’ म्हटले की बोलणारा व ऐकणारा दोघेही त्यात आले.

हा शेवटचा अर्थ स्पॅनिशला एका शब्दात सांगता येत नाही. ‘नुएस्त्रा कासा’ या शब्दांत ऐकणारा आत आहे की बाहेर, हे कळत नाही. मराठीत ‘आमचे घर’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपले घर’ म्हटले की तो आत येतो. सोलापुरात हा भेद अनेक घरांत जपला जातो. पूर्व भागातील तेलुगू कुटुंबांत ‘मा इल्लु’ आणि ‘मन इल्लु’, गुजराती बोलणाऱ्या घरांत ‘अमारुं घर’ आणि ‘आपणुं घर’. कन्नडमध्ये मात्र दोन्हींसाठी ‘नम्म मने’. मराठीतील हा भेद द्राविडी भाषांच्या सहवासातून आला, असे अनेक अभ्यासक मानतात.

या भेदाचे महत्त्व व्याकरणापुरते नाही. नव्याने आलेल्या सुनेला सासूने सांगितले, “आमच्या घरी असे चालत नाही,” तर त्या एका शब्दाने सून पाहुणी ठरते. “आपल्या घरी अशी पद्धत आहे,” असे म्हटल्यास नियम तोच राहतो, पण सुनेचे घरातील स्थान बदलते. स्पॅनिशमध्ये दोन्ही वाक्यांत ‘नुएस्त्रा कासा’च येईल. दोन भावांच्या बोलण्यातही, ‘आपले दुकान’ ज्या दिवशी ‘आमचे दुकान’ होते, त्या दिवशी वाटणी मनात होऊन गेलेली असते. कागद नंतर होतात.

‘आपला’ हा शब्द संस्कृत ‘आत्मन्’, प्राकृत ‘अप्पा’ या वाटेने मराठीत आला. ज्या सोलापुरातून १९४३ मध्ये ‘तिलोयपण्णत्ती’ या प्राकृत ग्रंथाचा पहिला भाग प्रकाशित झाला, तेथील वाचकाला ‘अप्पा’ परका वाटू नये. दुसरीकडे, ‘माझे’ सांगणाऱ्या ‘मम’पासून ‘ममत्व’ हा शब्द झाला, आणि परिग्रहाचे मूळ त्या ममत्वातच सांगितले गेले आहे.

‘आमचे’ हा शब्द टाकून द्यावा, असे मात्र नाही. निमंत्रणात ‘आमच्या येथे’ हेच योग्य, कारण बोलावणारा आणि येणारा वेगळे असतात. घरातल्या माणसाशी बोलताना कोणता शब्द ओठांवर येतो, एवढे पाहिले तरी पुरे.