डायालिसिसचा हिशेब आणि हाडांची थकबाकी

मूत्रपिंडे निकामी झालेल्या गरीब रुग्णांना जिल्हा रुग्णालयांत मोफत डायालिसिस मिळावे, यासाठी केंद्र सरकारने २०१६ साली राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्यामुळे अनेकांना जीवदान मिळाले, हे निर्विवाद. परंतु किती रुग्ण आले व यंत्रे किती वेळा चालली, एवढ्यावरच अशा योजनांचे यश मोजण्याचा प्रघात पडला आहे. वाचलेला रुग्ण पुढे स्वतःच्या पायांवर उभा राहतो की नाही, हा प्रश्न त्या हिशेबाबाहेरच राहतो.

हा प्रश्न केवळ आलंकारिक नव्हे. रक्तशुद्धीप्रमाणेच जादा फॉस्फरस बाहेर टाकणे आणि ड जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देणे, हीही मूत्रपिंडांचीच कामे आहेत. ती मंदावली की रक्तात फॉस्फरस साचतो, आहारातील कॅल्शियमचे शोषण घटते आणि गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतील कॅल्शियम काढून रक्तातील तूट भरू लागतात. चालू खर्चासाठी मुद्दलात हात घालावा, तसाच हा प्रकार. परिणामी किरकोळ पडण्यानेही खुब्याचे हाड मोडण्याचा धोका समवयस्क निरोगी माणसापेक्षा कितीतरी वाढतो. डायालिसिसने ही झीज आपोआप थांबत नाही. आठवड्यातील दोन-तीन सत्रांत साचलेला सारा फॉस्फरस निघून जात नाही.

आधीच अपुरा असलेला पैसा यंत्रांवरच खर्चावा, असा युक्तिवाद यावर केला जाईल. तो वरवर व्यवहारी, पण वस्तुतः खर्चिक आहे. वाचविलेला खर्च नाहीसा होत नाही. तो शस्त्रक्रिया, बुडालेली मजुरी आणि शुश्रूषेसाठी घरी बसलेले माणूस या रूपांनी रुग्णाच्या कुटुंबावर येऊन पडतो. सरकारी खात्यात बचत दिसते, घरात कर्ज उभे राहते.

मोजमापाकडे दुर्लक्ष केल्याचे परिणाम इतिहासात नमूद आहेत. १९७० च्या दशकात इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे डायालिसिसच्या रुग्णांची हाडे मोडू लागली. यंत्रासाठी वापरल्या जाणाऱ्या पाण्यातील ॲल्युमिनियम हे त्याचे कारण असल्याचे तपासणीनेच उघड झाले. उपचारच अपायकारक ठरत होता आणि तो कळायला पाण्याची परीक्षा करावी लागली.

आज गरज आहे ती अशाच साध्या दक्षतेची. कॅल्शियम, फॉस्फरस व पॅराथायरॉइड संप्रेरक यांच्या नियमित तपासण्या, अन्नातील फॉस्फेट आतड्यातच बांधून ठेवणाऱ्या गोळ्या आणि आहाराचा सल्ला, हे सारे डायालिसिसच्या मोफत सेवेचे अविभाज्य अंग मानले पाहिजे. या तपासण्या आजाराच्या मधल्या टप्प्यापासूनच, डायालिसिसची वेळ येण्यापूर्वी, सुरू व्हाव्यात. दुखणाऱ्या हाडांसाठी परस्पर कॅल्शियमच्या गोळ्या घेणे अशा रुग्णांना अपायकारक ठरू शकते, हेही त्यांना सांगितले जावे. आणि यंत्राच्या फेऱ्यांबरोबरच मोडलेल्या हाडांचीही नोंद ठेवली जावी. ज्याची नोंद नाही, त्याची तरतूद अंदाजपत्रकात कधीच होत नाही.