विश्लेषण : तळ्यातला गाळ काढताना त्यातल्या कासवाचे काय?

उन्हाळ्यात तळे आटत गेले, की मासे तडफडतात आणि बगळे दुसरीकडे निघून जातात. एक रहिवासी मात्र तिथेच थांबतो, चिखलाखाली. ‘इंडियन फ्लॅपशेल’ (शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा) हे गोड्या पाण्यातले मऊ पाठीचे कासव भारतीय उपखंडाच्या मोठ्या भागात आढळते. भातखाचर, कालवा, पाझर तलाव, गावतळे, काहीही चालते. पाणी संथ हवे आणि तळाशी गाळ हवा.

‘फ्लॅप’ कशाचा?

पोटाकडच्या कवचाला मागच्या बाजूस कातडीच्या दोन झडपा असतात. धोका जाणवला, की मागचे पाय आत ओढून कासव त्या मिटून घेते. बेडूक, गोगलगायी, मासे, पाणवनस्पती, मेलेली जनावरे असे सगळे ते खाते. तळ्याची फुकट सफाईच म्हणायची. पाणी संपले, की गाळात शिरून ते निपचित पडते आणि पावसाची वाट पाहत काही महिने काढू शकते.

मग अडचण कुठे?

नेमक्या याच महिन्यांत तळ्यात पोकलेन उतरते. राज्यात २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली. योजनेचा हेतू चांगलाच आहे. पाणीसाठा वाढतो, हलक्या जमिनीला कस येतो. पण अख्खे तळे एकाच हंगामात खरवडले, तर गाळात निजलेले कासव यंत्रचालकाला दिसणारही नाही. शहरातले ‘सुशोभीकरण’ तर त्याहून वाईट. मादी काठावरच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, आणि आपण तिथे काँक्रीटची उभी भिंत बांधून वर जॉगिंग ट्रॅक करतो.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे. ते पकडणे, पाळणे, विकणे गुन्हा असून ३ ते ७ वर्षे कैद होऊ शकते. तरीही मांसासाठी त्याची शिकार होते. ‘वीस नखी’ कासवाने पैशांचा पाऊस पडतो, या भ्रमापायी कासवांचा चोरटा बाजार चालतो तो वेगळाच. (याच्या प्रत्येक पायाला तीनच नखे, म्हणजे मोजून बारा!) ‘आययूसीएन’च्या लाल यादीत त्याची नोंद आता ‘असुरक्षित’ अशी आहे.

पिशवीत कासव घालून नेणारा पकडला जातो, त्याचे घर ट्रॉलीत भरून नेणाऱ्याला कोणी विचारत नाही. गाळ काढण्याच्या अंदाजपत्रकातच एका बाजूचा काठ आणि थोडा तळ राखून ठेवण्याची अट घालायला वेगळा पैसा लागत नाही. खोदताना कासव निघालेच, तर काम थांबवून वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे.