प्रश्नमंजूषा नको, प्रश्न हवेत

यंदाच्या जयंतीपासून आपल्या सर्व बौद्ध कुटुंबांनी मिळून एकच पुस्तक वाचावे, असा ठराव संस्थेच्या कार्यकारिणीने केला, त्याचे आम्ही मनःपूर्वक स्वागत केले. पुस्तकाची निवडही उत्तम झाली. परमपूज्य बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे लिखाण आकाराने लहान, एका बैठकीत संपणारे. परंतु या वाचनासाठी तयार झालेल्या मार्गदर्शक पुस्तिकेचा मसुदा सभेपुढे आला, तो पाहून आम्ही खिन्न झालो, आणि ती खिन्नता येथे लपविण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही.

मसुद्यात चाळीस प्रश्न आहेत. लहानगा भीमराव कोणत्या स्टेशनवर उतरला? मसूर. कोणत्या साली? १९०१. गाळलेल्या जागा भरा, जोड्या लावा, चित्र रंगवा, आणि शेवटी पहिल्या तिघांस पदके! आपली मुले हुशार आहेत, पदके मिळवतीलच. पण ज्या पुस्तकाने घरातील मोठ्या माणसांची झोप उडावी, त्याची आम्ही सामान्यज्ञानाची चाचणी करून ठेवली आहे.

हे पुस्तक कोणासाठी लिहिले गेले, याचा विसर पडून चालणार नाही. परदेशी माणसाला अस्पृश्यता आहे हे ठाऊक असते, पण तिच्या शेजारी न राहिल्यामुळे तिचा जाच त्याला उमगत नाही, या जाणिवेतून बाबासाहेब लेखणी हाती घेतात. न्यू जर्सीत वा टेक्सासात जन्मलेली आमची नातवंडे आज नेमकी त्या परदेशी वाचकाच्या जागी बसली आहेत. पुस्तक त्यांच्यासाठीच लिहिले असावे, इतके ते त्यांना लागू पडते.

आता त्या मसूर स्टेशनाकडेच पाहा. नवे कपडे, जरीच्या टोप्या घातलेली ही मुले स्टेशनमास्तरास ब्राह्मणांची वाटली. आपण कोण, हे त्यांनी खरेखरे सांगितले आणि त्याचा चेहराच पालटला. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही मुलांनी गाडी हाकावी आणि आपण बाजूने चालावे या अटीवर. पुढे टोलनाक्यावर पाणी मागताना, गाडीवानाच्या सल्ल्यावरून, त्या मुलाने आपण मुसलमान असल्याचे सांगितले. पाणी तरीही मिळाले नाही. पुढे परदेशी विद्या घेऊन बडोद्यास गेलेल्या बाबासाहेबांना राहण्यासाठी पारशी नाव धारण करावे लागले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. ही दोन्ही असत्ये त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवली आहेत. ती लिहिण्यास केवढे धैर्य लागले असेल!

मसुद्यात मात्र या असत्यांविषयी एक अक्षर नाही. का नाही, हे आम्ही जाणतो. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कोणी आडनाव विचारले की आम्ही गावाचे नाव सांगून विषय पालटतो, आणि शेजारी उभे असलेले आपले मूल ते ऐकत असते. त्या मुलाने उद्या पुस्तिका उघडून ‘बाबा, तुम्ही काय सांगता?’ असे विचारले तर उत्तर काय द्यावे? सभेत काही पालक म्हणाले, मुलांच्या कोवळ्या मनावर हे ओझे कशाला. आमचे त्यांना विचारणे आहे की ज्या प्रसंगांचे ओझे त्या मुलाने स्वतः वाहिले, ते त्याच वयाच्या आपल्या मुलांनी नुसते वाचूही नये काय?

ओझे आता टाळताही येणार नाही. एका शहराने एकच पुस्तक वाचण्याची प्रथा या देशात १९९८ साली सिॲटलमध्ये सुरू झाली. २००१ मध्ये शिकागोने वर्णद्वेषाच्या खटल्याभोवती गुंफलेली हार्पर ली यांची कादंबरी निवडली. त्याच सिॲटलच्या नगर परिषदेने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून होणाऱ्या भेदभावास कायद्याने बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तशाच आशयाचे विधेयक संमत केले, पण ऑक्टोबरात राज्यपालांनी ते नाकारले. जातीचा शब्द मुलांच्या कानी पडणारच आहे. तो शेजाऱ्याकडून पडावा की घरच्यांकडून, एवढेच ठरविणे आपल्या हाती आहे.

तसे पाहिले तर सामुदायिक वाचन आम्ही सिॲटलकडून उसने घ्यावे असेही नाही. वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून विहारात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ वाचला जातो, एक वाचतो आणि वस्ती ऐकते. अक्षरशत्रू म्हातारीही त्या वाचनात वाटेकरी असते. त्या प्रथेत उणीव असेल तर ही की वाचन संपले की ग्रंथाला हार घालून सर्वजण उठतात, शंका विचारण्याची चाल क्वचितच.

म्हणून पुस्तिका साधी असावी. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर इंग्रजी मजकूर, म्हणजे आजीला ऐकता येईल आणि नातवाला वाचता येईल. प्रत्येक प्रसंगाखाली दोनच प्रश्न असावेत, एक मुलाने वडीलधाऱ्यांस विचारावयाचा आणि एक त्यांनी मुलास. उत्तरे मागे छापू नयेत. चाळीसगावच्या प्रसंगाचे उदाहरण घ्या. टांगेवाल्यांनी नकार दिल्यावर, पाहुण्याला पायी नेणे शोभणार नाही म्हणून, वस्तीतील लोकांनी टांगा हाकण्याचा सराव नसलेल्या आपल्याच माणसाच्या हाती टांगा दिला आणि बाबासाहेबांना अपघात झाला. चूक कोणाची? या प्रश्नावर घरोघरी भांडण झाले तरी चालेल. पुढे एक कोरे पान असावे, आणि त्यावर आजी-आजोबांच्या गावचा पाणवठा कोठे होता, ते मुलाने त्यांना विचारून लिहावे.

दौलताबादचा प्रसंग वगळावा, अशीही एक सूचना आली आहे, कारण त्यात हौदाच्या पाण्यावरून हरकत घेणारे मुसलमान आहेत व शेजाऱ्यांची मने दुखावतील. बाबासाहेबांनी वगळला नाही, आम्हीही वगळू नये.

पदकांसाठी राखून ठेवलेली रक्कम द्विभाषिक छपाईस द्यावी, आणि हा मसुदा दुरुस्त झाल्याखेरीज छापखान्यात जाऊ नये, अशी लेखी मागणी आम्ही कार्यकारिणीकडे पाठविली आहे. ज्या कुटुंबांस ती मान्य असेल त्यांनी आषाढी पौर्णिमेपूर्वी आपापले दोन प्रश्न चिटणिसांकडे लिहून पाठवावेत. मराठीत लिहिता येत नसेल तर इंग्रजीतही चालतील.