नऊचं पेडल अठरावर?

दोस्तांनो, येरवड्याच्या एका वाचकमित्राने विचारलंय, “दादाच्या गिटार पेडलचा ॲडॅप्टर ९ व्होल्टचा आहे. १८ चा लावला तर आवाज दुप्पट होईल का?” प्रश्न झकास! पण उत्तर वाचून होईपर्यंत पेडलला हात लावायचा नाही हं.

पेडल म्हणजे गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये जोडलेली, पायाने चालू-बंद करायची डबी. तारेचा आवाज ती घोगरा करते, घुमवते, लांबवते. गिटारकडून आलेली विजेची लहर या डबीत मोठी होते, पण मिळालेल्या ९ व्होल्टच्या आतच. बहुतेक वेळा मधली रेघ साडेचार व्होल्टवर असते. लहर तिथून वर साडेचार जाणार, खाली साडेचार, बस्स! बुटक्या छताच्या खोलीत उंच उडी मारली तर? डोकं आपटेल. लहरीचंही डोकं असंच सपाट होतं आणि आवाज फाटतो. १८ व्होल्ट दिले की छत वर जातं. आवाज दुप्पट होत नाही, फक्त जोरात छेडलेली तारही स्वच्छ वाजते.

गंमत म्हणजे, १९७९ च्या सुमारास आलेल्या ट्यूब स्क्रीमरसारख्या पेडलात लहर मुद्दामच कापतात. हे काम इवलेसे डायोड करतात. सिलिकॉनचा डायोड साधारण ०.६ व्होल्टलाच वाट मोकळी करतो. मग छत कितीही वर न्या, फरक जेमतेमच.

आणि धोका? तो आहेच. पेडलातल्या गोल कपॅसिटरवर त्याला सोसणारा आकडा छापलेला असतो. १६ व्होल्टवाल्याला १८ दिले तर तो तापतो, फुगतो, कधी फुटतोही. काही पेडलांत ९ व्होल्ट आतल्या आत वाढवणारी चिप असते. १९९४ चं गाजलेलं क्लॉन सेंटॉर याच जातीचं. या कामाची मॅक्स १०४४ ही चिप १० व्होल्टपर्यंतच चालते. १८ दिले की गेलीच बिचारी!

आई-बाबा मात्र भलत्याच आकड्याला घाबरतात, मिलिअँपिअरच्या. व्होल्टेज ॲडॅप्टर ठरवतो, पण करंट पेडल स्वतःला लागेल तेवढाच घेतं. २० मिलिअँपिअर लागणाऱ्या पेडलला ५०० चा ॲडॅप्टर खुशाल चालतो. कमी पडणारा मात्र नको. पिनही बघून घ्या. बहुतेक पेडलांना मधला भाग ऋण लागतो, घरातल्या बऱ्याच ॲडॅप्टरांचा तो धन असतो. आणि ॲडॅप्टर उघडून बघण्याचा उद्योग अजिबात नको, त्यात घरातली २३० व्होल्टची वीज असते!

तेव्हा तापकीर गल्लीत खरेदीला निघण्याआधी पेडलचं माहितीपत्रक काढा. फुलटोनच्या ओसीडीसारखं ९ ते १८ चालणारं असेल, तरच १८ लावा. नुसतं ९ लिहिलं असेल तर ९च. १८ चालत असेल, तर दादाला डोळे मिटायला लावून एकच सूर दोन्हींवर वाजवा आणि १८ चा कोणता ते विचारा. बघू या ओळखतो का!