कानावर घातलं, म्हणजे काय केलं?

९ फेब्रुवारी २००१, शुक्रवारची रात्र. माइक मॅक्क्वेरी नव्या बुटांचा जोड आपल्या लॉकरमध्ये ठेवायला गेला होता. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे पेन स्टेटच्या, फुटबॉल संघाचा हा माजी खेळाडू तेव्हा त्याच संघात साहाय्यक म्हणून उमेदवारी करत होता. कपडे बदलायच्या खोलीत शिरताना त्याला शॉवरचा आवाज आला आणि त्याबरोबर आणखीही एक आवाज. आरशात नजर गेली. संघाचे निवृत्त प्रशिक्षक जेरी सँडस्की आणि दहा-बारा वर्षांचा एक मुलगा शॉवरखाली विवस्त्र होते. त्यानं लॉकरचं दार धाडकन आपटलं. दोघं एकमेकांपासून दूर झाले आणि त्याच्याकडे पाहत राहिले. मॅक्क्वेरी तिथून निघाला, कचेरीत गेला आणि त्यानं वडिलांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुख्य प्रशिक्षक जो पटर्नो यांच्या घरी गेला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, वडीलधाऱ्या माणसासमोर काय बोलवतं आणि काय नाही याचा विचार करत, त्यानं पाहिलेलं सांगितलं. पटर्नोंनी रविवारी क्रीडा विभागाचे प्रमुख टिम कर्ली यांना कळवलं. शनिवार-रविवारी लोकांच्या सुट्टीत व्यत्यय नको असं वाटलं, असं त्यांनी पुढे साक्षीत सांगितलं. गोष्ट कर्लींकडून उपाध्यक्ष गॅरी शुल्ट्झ यांच्याकडे आणि दोघांकडून अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर यांच्याकडे गेली. आपल्या भाषेत ते कुलगुरूच. बातमी अशी पायरी-पायरीनं चढत सर्वांत वरच्या दारापर्यंत पोचली आणि तिथेच राहिली. राज्याच्या बालकल्याण खात्याला कोणी कळवलं नाही. सँडस्कींना अटक झाली ती नोव्हेंबर २०११ मध्ये. २२ जून २०१२ रोजी ज्युरीनं त्यांना ४८ पैकी ४५ आरोपांत दोषी ठरवलं. त्यांत २००१ नंतरच्या वर्षांत लहान मुलांवर केलेले अत्याचारही होते.

या प्रकरणातल्या जवळजवळ प्रत्येकाची बाजू एकाच वाक्यात मांडली जाते: ‘त्यांनी वरिष्ठांच्या कानावर घातलं होतं.’ हे वाक्य आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांच्या स्टाफरूममध्येही मी अनेकदा ऐकलं आहे, म्हणून त्याचा निकाल लावायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आधी या वाक्यामागचं बळ मान्य करू. पेन्सिल्व्हेनियाचा तेव्हाचा कायदा खरोखर असाच होता. संस्थेतल्या कर्मचाऱ्यानं संस्थेच्या प्रमुखाला सांगायचं आणि प्रमुखानं सरकारला कळवायचं. पटर्नोंवर कोणताही आरोप ठेवला गेला नाही, कारण सरकारी वकिलांच्या मते त्यांनी कायद्यानं सांगितलेलं केलं होतं. विद्यापीठाचं पोलीस दल शुल्ट्झ यांच्याच अखत्यारीत होतं, त्यामुळे त्यांच्याशी बोललो म्हणजे पोलिसांनाच सांगितल्यासारखं आहे, असं मॅक्क्वेरीला वाटलं. हेही समजण्यासारखं आहे. शिवाय शिस्तीच्या दृष्टीनं पाहिलं, तर प्रत्येकानं उठून थेट बाहेर धाव घेतली की संस्था चालायची कशी?

पण यात एक गफलत आहे. बातमी वरच्याला दिली की तिच्याबरोबर जबाबदारीही वर जाते, असं गृहीत धरलेलं आहे. तसं होत नाही. टपालाचा लिफाफा साहेबांच्या टेबलावर ठेवला की कारकुनाचं काम संपतं, कारण त्या लिफाफ्यातलं काही कारकुनानं पाहिलेलं नसतं. डोळ्यांनी पाहिलेलं असं हातावेगळं करता येत नाही. कळवल्यानंतरही मॅक्क्वेरीला सगळं दिसतच होतं. १९९९ मध्ये निवृत्त होताना सँडस्कींना विद्यापीठानं मानद पद, कचेरी आणि क्रीडासंकुलात ये-जा करण्याची मुभा दिली होती. ती मुभा चालू राहिली. ज्यानं सांगितलं तो आणि ज्याच्याबद्दल सांगितलं तो, दोघं वर्षानुवर्षं त्याच इमारतीत वावरत होते. कळवल्याचा काही उपयोग झाला नाही, हे पाहायला आणखी कोणता पुरावा लागत होता? पहिल्यांदा सांगणं कर्तव्य होतं, तसं काही झालं नाही हे दिसल्यावर दुसऱ्या दारी जाणंही कर्तव्यच होतं.

हे लिहिताना मला मॅक्क्वेरीला सगळ्या पापाचा धनी करायचं नाही. तसं करणारे पुष्कळ निघाले. प्रत्यक्षात या शिडीवर उभ्या असलेल्या माणसांत तो सर्वांत तरुण, सर्वांत कमी अधिकाराचा आणि तरीही स्वतः होऊन बोललेला माणूस होता. पुढे त्यानं न्यायालयात साक्ष दिली, नोकरी गमावली आणि २०१६ मध्ये विद्यापीठाविरुद्धचा दावा जिंकला. त्याच्या डोक्यावर जे होते, त्यांच्याकडे अधिकार होता, वकील होते, फोन होते आणि झोपून विचार करायला सतरा रात्रीही होत्या.

त्या सतरा दिवसांत काय घडलं ते ई-मेलच्या रूपानं शिल्लक आहे. २५ फेब्रुवारीपर्यंत तीन पावलं ठरली होती: सँडस्कींशी बोलायचं, त्यांनी गरीब, निराधार मुलांसाठी १९७७ मध्ये काढलेल्या ‘सेकंड माइल’ या संस्थेला सांगायचं आणि बालकल्याण खात्याला कळवायचं. दोन दिवसांत तिसरं पाऊल गळालं. सँडस्कींनी सहकार्य केलं तर खात्याकडे जायची गरज नाही, असं कर्लींनी सुचवलं. स्पॅनियर यांनी त्याला संमती दिली, हा मार्ग माणुसकीचा असल्याचं लिहिलं आणि पुढे एक धोकाही नोंदवला: सँडस्कींनी सांगितलेलं मनावर घेतलं नाही, तर न कळवल्याबद्दल आपण अडचणीत येऊ.

‘मागाहून शहाणपण सुचणं सोपं असतं,’ हा बचाव इथं मोडून पडतो. पटर्नोंनी स्वतः २०११ मध्ये, मागे वळून पाहताना आपण अधिक काही करायला हवं होतं अशी खंत व्यक्त केली. त्या खंतीच्या खरेपणाबद्दल मला शंका नाही. पण मागे वळून पाहायची गरज नव्हती. न कळवण्यात धोका आहे हे २००१ मध्येच लिहून ठेवलेलं होतं. फक्त तो धोका स्वतःला किती, एवढंच मोजलं गेलं.

आता दुसरा आक्षेप, जो मला जास्त गंभीर वाटतो. ‘खात्री नसताना एखाद्याचं नाव पोलिसांत द्यायचं? तो निर्दोष निघाला तर त्याचं आयुष्य उद्ध्वस्त होईल.’ शिक्षकी पेशात, खेळाच्या मैदानावर काम करणाऱ्या सज्जन माणसांना ही भीती असते आणि ती खोटी नाही. पण तिच्या मुळाशी एक गैरसमज आहे. कळवणं म्हणजे निवाडा करणं नव्हे. मॅक्क्वेरीनं ‘हा गुन्हेगार आहे’ असं सिद्ध करायचं नव्हतं, ‘मी हे पाहिलं’ एवढंच सांगायचं होतं. खरंखोटं करायला ज्यांना शिकवलेलं असतं, मुलाशी कसं बोलायचं हे ज्यांना ठाऊक असतं, त्यांच्याकडे गोष्ट सोपवायची. उलट संस्थेनं बंद दाराआड आपसांत ठरवलं, तेव्हाच खरा निवाडा झाला. पीडिताला न भेटता, साक्षीदाराला नीट न विचारता, आरोपीच्या मित्रांनी दिलेला तो निवाडा होता.

यावर कोणी १९९८ चं उदाहरण देईल, आणि ते द्यायलाच हवं. त्या वर्षी एका आईनं तक्रार केली होती. सँडस्कींनी तिच्या अकरा वर्षांच्या मुलाला आपल्याबरोबर शॉवरखाली नेलं होतं. विद्यापीठाच्या पोलिसांनी चौकशी केली. तिच्या घरात लपून त्यांनी दोघांचं बोलणं ऐकलं. सँडस्की तिला म्हणाले की माझं चुकलं, मी मेलो असतो तर बरं झालं असतं. तरीही जिल्ह्याच्या सरकारी वकिलानं खटला भरला नाही. मग कळवून काय मिळालं?

मिळालं हे, की एक फाइल तयार झाली. आणि २००१ मध्ये दुसरी तक्रार त्याच फाइलवर जाऊन बसली असती तर? एकटी आई, एकटं मूल, एकटा साक्षीदार यांची गोष्ट नेहमीच कच्ची दिसते. तीन वर्षांच्या अंतरानं, एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांनी त्याच विद्यापीठातल्या त्याच माणसाबद्दल तीच गोष्ट सांगितली, की ती कच्ची राहत नाही. १९९८ ची चौकशी शुल्ट्झ यांना माहीत होती. म्हणजे दोन तुकडे जोडणं त्यांच्या हातात होतं. खेळातले हे अत्याचारी वर्षानुवर्षं सुटतात ते बहुधा असेच: तक्रारी होतात, पण प्रत्येक तक्रार वेगळ्या कपाटात कुलूपबंद होते.

मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत हेच झालं. लॅरी नासर या डॉक्टरविरुद्ध २०१४ मध्ये तक्रार आली. विद्यापीठानं स्वतःच चौकशी केली, मत विचारलं ते त्याच्याच वर्तुळातल्या तज्ज्ञांना, आणि हे वैद्यकीय उपचारच होते असं ठरवलं. तो पुन्हा रुग्ण तपासू लागला. २०१६ मध्ये वृत्तपत्रानं प्रकरण बाहेर काढलं. जानेवारी २०१८ मध्ये शिक्षा होताना १५६ जणींची निवेदनं न्यायालयात झाली. विद्यापीठानं पुढे ५० कोटी डॉलरची भरपाई देण्याचं मान्य केलं.

नुकसानभरपाईचे आकडे मी मुद्दाम फार देत नाही. पेन स्टेटलाही दंड झाला, ६ कोटी डॉलर. पटर्नोंचा पुतळा हलवला गेला. ‘झाकलं म्हणून संस्थेचं नाव जास्त खराब झालं, तेव्हा वेळीच कळवणं फायद्याचं,’ असं सांगणारे हितचिंतक बरेच आहेत. त्यांचा हेतू चांगला आहे, पण युक्तिवाद मला मान्य नाही. झाकलेलं कधीच उघड झालं नसतं, एक डॉलरही द्यावा लागला नसता, तर गप्प बसणं बरोबर ठरलं असतं का? मुलाचं शरीर हा ताळेबंदातला विषय नाही.

आणि मग ते सफाई कामगार. त्यांच्याबद्दल लिहिताना हात जड होतो. २००० च्या शरद ऋतूत त्याच इमारतीत एका कामगारानं सँडस्कींना शॉवरमध्ये एका मुलावर अत्याचार करताना पाहिलं. तो कोरियाच्या युद्धात लढलेला माणूस होता. तिथं माणसांची आतडी बाहेर आलेली पाहिली, पण आज जे पाहिलं ते कधी विसरता येणार नाही, असं तो सोबत्यांना म्हणाला. तो इतका थरथरत होता, की त्याला हृदयविकाराचा झटका येईल असं त्यांना वाटलं. कुणाला सांगायचं हे मुकादमानं समजावलं. सांगितलं कुणीच नाही. विद्यापीठानं नेमलेल्या लुई फ्री यांच्या चौकशीत त्यांच्यातल्या एकानं कारण सांगितलं: फुटबॉलविरुद्ध बोलणं म्हणजे देशाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध जाणं, आणि आम्हां सगळ्यांची नोकरी गेली असती.

फ्री यांच्या अहवालातल्या अनेक निष्कर्षांवर वाद आहे. पटर्नो कुटुंबानं तो खोडून काढणारा स्वतःचा अहवाल काढला. तो वाद बाजूला ठेवला, तरी या कामगारांची भीती उरतेच. त्यांना दोषमुक्त करणं मला जमत नाही, कारण त्यानंतरची मुलं डोळ्यांसमोरून हलत नाहीत. पण त्यांना आणि कुलगुरूंना एकाच मापानं मोजणं हा अन्याय आहे. ज्याचा हात जितका लांब पोचतो, त्याच्यावर जबाबदारी तितकी जास्त. रोजंदारीवर पोट असलेल्या माणसाला लहान मुलावरचा अत्याचार सांगायलाही भीती वाटावी, असं वातावरण त्या विद्यापीठात होतं, आणि ते तयार करणारे पहाटे फरशी पुसायला येत नव्हते.

म्हणून कळवण्याची वाट संस्थेच्या बाहेरून जाणारी असली पाहिजे. पेन्सिल्व्हेनियानं हे शिकून २०१४ मध्ये कायदा बदलला: ज्यानं पाहिलं त्यानं थेट सरकारी हेल्पलाइनला किंवा पोलिसांना कळवायचं, संस्थेला मग. आपल्या पोक्सो कायद्यावर राष्ट्रपतींची मोहोर उठली ती १९ जून २०१२ रोजी, सँडस्कींच्या निकालाच्या तीन दिवस आधी. त्याच्या कलम १९ मध्ये ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आहेत. कळलं की पोलिसांना सांगणं बंधनकारक. प्राचार्यांमार्फत, संस्थाचालकांच्या परवानगीनं, असं काही नाही. न कळवणाऱ्याला शिक्षा आहे आणि संस्थाप्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर ती एक वर्षापर्यंत आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात, २ नोव्हेंबर २०२२ रोजी, माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या कबड्डी, खो-खोच्या संघांतली अकरावी-बारावीची बहुतेक मुलं अठराच्या आतलीच असतात. बाहेरगावच्या स्पर्धेला ती सरांच्या भरवशावर रेल्वेत बसतात.

पेन स्टेटच्या या सगळ्या पत्रव्यवहारात एक प्रश्न सापडत नाही. सँडस्कींना काय सांगायचं, त्यांच्या संस्थेला काय सांगायचं, आपण अडचणीत येऊ का, सगळ्याचा विचार झाला. तो मुलगा कोण होता, हे शोधायचा प्रयत्न झाल्याचं मात्र चौकशीत आढळलं नाही. सँडस्कींना बोलावून समज देण्यात आली, म्हणजे कोणी तरी पाहिलं होतं हे त्यांना कळलं आणि मूल कोण हे ठाऊक असलेले तेवढे एकच होते. अकरा वर्षांनी खटला उभा राहिला, तेव्हा आरोपपत्रात त्या मुलाला नाव नव्हतं. ‘पीडित क्रमांक २’ एवढंच होतं. लॉकरचं दार आपटून मॅक्क्वेरी कचेरीकडे गेला, तेव्हा तिथं मुलाबरोबर सँडस्कीच उरले होते.