कंट्रोलरचा विसराळूपणा आणि आपलें दप्तर

हल्लीं कर्जत व खालापूर तालुक्यांत ठिबकाच्या बागांतून आणि भाजीपाल्याच्या मळ्यांतून पाणी सोडण्याचें काम गड्याऐवजीं कंट्रोलर करूं लागला आहे. भिवपुरी येथील टाटांचें वीजगृह सन १९२२ मध्यें चालू झालें. तेथून सुटलेलें पाणी राजनाला कालव्यानें शेतांपर्यंत येतें व त्यावर उन्हाळी भात होतो. पाटास घड्याळ लागत नाहीं, पाटकऱ्याची नजर पुरते. परंतु विहिरीवर अगर बोअरवर पंप बसवून नळ्यांनीं पाणी देणाऱ्यास मिनिटांचा हिशेब ठेवावा लागतो, आणि तो हिशेब आपण एका डबीच्या स्वाधीन केला आहे. ही डबी विसरूं लागली म्हणजे काय करावें, याविषयीं लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. कारण त्या निमित्तानें शेतकऱ्यांचा पैसा निष्कारण जात आहे.

कंट्रोलरास दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्या लागतात. एक, कोणता व्हॉल्व्ह कोणत्या वारीं किती मिनिटें उघडावयाचा हा कार्यक्रम. दुसरी, आतां वाजले किती. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत दोन्ही गोष्टी विजेच्या आधारानेंच टिकतात, म्हणून वीज गेली असतां आंतील सेल त्यांस सांभाळतो. नव्या यंत्रांत कार्यक्रम अशा स्मृतींत कोरलेला असतो कीं, तो विजेवांचून वर्षानुवर्षें राहतो. पण घड्याळ कोरून ठेवतां येत नाहीं, त्यास चालतेंच ठेवावें लागतें. सबब सेल संपला म्हणजे कार्यक्रम शाबूत आणि वेळ मात्र बारावर, अशी स्थिति होते. पहांटेचें पाणी भर दुपारीं सुटतें, आणि शेतकरी कार्यक्रमास दोष देत बसतो.

कडावच्या बाजूस एका बागाइतदाराचा कंट्रोलर असाच वीज गेली कीं बारा दाखवूं लागला. विक्रेत्याच्या माणसानें झांकण न उघडतांच ‘कार्ड गेलें’ असा निकाल दिला व नव्या कार्डाचे कांहीं हजार रुपये सांगितले. आंत रुपयाएवढा बटण-सेल होता. तो बदलतांच यंत्र सुरळीत झालें. स्थळपाहणीवांचून पंचनामा लिहिणाऱ्या कारकुनाची आमच्या वेळीं कचेरींत धडगत नसे. हा न्याय कार्डवाल्यांसहि लागू करावा.

पाहणी अवघड नाहीं. कार्यक्रम आधीं कागदावर उतरून घ्यावा, वेळ नीट लावावी, मग मुख्य स्विच रात्रभर बंद ठेवून सकाळीं सुरू करावा. केवळ वेळ चुकली तर संशय सेलावर. वीज असतांनाच कंट्रोलर विसरत असेल तर सेल निर्दोष. पुरवठा, सैल तारा किंवा आंत शिरलेला ओलावा पाहावा. सेल नवा असूनहि कार्यक्रम वारंवार पुसला जात असेल, तरच कार्डाची गोष्ट काढावी. ‘सीआर २०३२’ छापाचा नवा सेल मीटरवर ३ व्होल्टांहून किंचित् अधिक दाखवितो, २.७ च्या खालीं आला असेल तर बदलावा. मात्र थकलेला सेल मोकळा मोजला असतां पुष्कळदां धडधाकट दिसतो, म्हणून आंकड्यापेक्षां रात्रीची कसोटी आम्ही अधिक मानतों. सेल काढतांना वीज बंदच असली पाहिजे. कार्यक्रम पुसला जाईल म्हणून ती चालू ठेवा, असें कोणी सांगेल तर ऐकूं नये. आंत २३० व्होल्ट असतात, आणि कागद हातीं असल्यावर पुसलेलें पुन्हां भरतां येतें.

आमच्या भागांत सेल लवकर थकण्याचें कारण पाऊस. जूनमध्यें पंपाचें काम संपून मुख्य स्विच पाडला जातो, तो दिवाळीच्या सुमारास वर होतो. हे चार-पांच महिने घड्याळ केवळ सेलावर चालतें, आणि दमट हवेनें सेलाखालच्या पट्ट्या गंजतात. कांहीं यंत्रांत बटण-सेलाऐवजीं कार्डास डाख देऊन पक्का केलेला, पुन्हां भरणारा ३.६ व्होल्टांचा सेल असतो. तो महिनोन्‌महिने रिकामा राहिला म्हणजे पाझरतो, आणि हिरवट-पांढरा क्षार कार्डावरील तांब्याच्या रेघा खातो. असा सेल कारागिराकडून काढवून ती जागा व्हिनेगरनें व मग स्पिरिटनें पुसून वाळवावी. त्याच्या जागीं साधा बटण-सेल कदापि बसवूं नये. यंत्र त्यास भरूं पाहतें, आणि तो फुटूं शकतो.

सातबारा संगणकावर गेला तरी आपण उतारा घरीं ठेवतोंच. मग पंपघरांतील डबीची नक्कल कां नसावी? व्हॉल्व्ह, वार, वेळ, मिनिटें आणि सेल बदलल्याची तारीख एवढें वहींत लिहून एक नक्कल झांकणाच्या आंत चिकटवावी. आणि आपल्या संघानें कंट्रोलर घेऊन देतांना विक्रेत्याकडून लिहून घ्यावें कीं, सेल हातानें बदलतां येईल, त्याची जात झांकणावर छापलेली असेल, व सूचना मराठींत असतील. दर थोडा कमी म्हणून डाख दिलेल्या सेलाचें यंत्र घेणें आम्हांस पसंत नाहीं. अशा अटींनीं विक्रेते नाराज होतील म्हणणाऱ्यांस आमचें उत्तर इतकेंच कीं, पैसे आपण देतों. संघाच्या दुकानीं एक मीटर व बटण-सेल दिवाळीपूर्वींच आणून ठेवावे. काढलेले सेल मात्र मुलांच्या हातीं लागूं देऊं नयेत. मुलानें असा सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजूं लागते; वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.